आइन्स्टाईनचं नाव काढू नका

गौरीजेवणाच्या दिवशी साताऱ्याला ताईकडे घरात पाय ठेवायला जागा नव्हती. आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली, प्रसाद हातावर पडला, आणि घाईने निघालेली मंडळी दारातच थबकली. मघाशी दाराबाहेर चपलांचा नुसता ढीग होता. आता भिंतीच्या कडेने सरळ ओळ लागली होती. प्रत्येक जोड जोडीने, टाचा भिंतीला, डावी डावीकडे, उजवी उजवीकडे. माझी आणि ताईच्या जावेची काळी सँडल एकाच दुकानातली, एकाच मापाची. आम्हीसुद्धा घोळ घालतो. पण माझ्या एका पट्ट्याचं टोक कुरतडल्यासारखं झालंय, दुसऱ्याचंही तसंच. तेवढ्यावरून त्याही बरोबर लागल्या होत्या. ओळीच्या टोकाला गुंड्या उकिडवा बसून एका एकट्या स्लिपरकडे रागाने बघत होता. तिची जोडीदार पायरीखाली घरंगळली होती आणि ते त्याच्या हिशेबात बसत नव्हतं.

गुंड्या म्हणजे माझ्या भाचीचा, केतकीचा मुलगा. तेव्हा अडीच पूर्ण होऊन वर काही महिने झाले होते. ‘आई’ म्हणायचा, पण ती हाक आईलाच असेल असं नाही. पाण्याच्या बाटलीलाही असायची. लोकांनी भरपूर कौतुक केलं. एका वहिनींनी वाकून “नाव काय रे सोन्या तुझं?” विचारलं. गुंड्याने मान वर केली नाही. केतकी म्हणाली, “अजून बोलत नाही तो.” त्यावर लांबच्या नात्यातले एक काका, आयती समोर आलेली कोल्हापुरी पायात सरकवत म्हणाले, “अगं, काळजी करू नकोस. आइन्स्टाईनसुद्धा चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता!” सगळे हसले. केतकीही हसली. पाहुण्यांच्या अंगावर चहा सांडल्यावर घरची सून हसते, तसं. काका मनाने अगदी चांगले. त्यांना धीरच द्यायचा होता. तरी ते वाक्य मला दिवसभर टोचत राहिलं, पंगती उठल्या, पातेली घासून झाली तरी.

आधी आइन्स्टाईनचंच बघू, कारण त्या बिचाऱ्याला आपण फार राबवतो. 1879 साली उल्ममध्ये जन्मलेल्या या मुलाबद्दल घरच्यांना काळजी होती, हे खरं. आपण उशिरा बोलायला लागलो, आई-वडिलांनी डॉक्टरलाही दाखवलं होतं, असं त्यानेच पुढे लिहिलंय. बोललेलं वाक्य ओठांतल्या ओठांत पुन्हा पुटपुटायचं, ही त्याची सवय सातव्या वर्षापर्यंत टिकली, अशी त्याच्या बहिणीची आठवण आहे. पण तीच बहीण, माया, 1881 च्या नोव्हेंबरात जन्मली, तेव्हाचाही एक किस्सा सांगते. तुला खेळायला बाळ आणलंय म्हटल्यावर छोट्या आल्बर्टने विचारलं होतं की, याची चाकं कुठायत? म्हणजे वय अडीचच्या जरा पुढे, आणि तोंडात चांगला खोचक प्रश्न. चार वर्षं मुका वगैरे काही नव्हता तो. राहिलं त्याच्या नावावर सांगतात ते ‘सूप फार गरम आहे’वालं पहिलं वाक्य. ते कुणीतरी हौसेने चिकटवलेलं आहे.

कारण तो किस्सा आमच्याही घरात आहे, फक्त सूपाच्या जागी आमटी आहे. माझे अण्णामामा चार वर्षांचे होईपर्यंत बोलले नाहीत, अशी आजोळची कथा. आणि मग एके दिवशी पंगतीत अचानक म्हणाले, “आमटीत मीठ नाही.” सगळे अवाक. “अरे, मग इतके दिवस का बोलला नाहीस?” “आजपर्यंत मीठ बरोबर होतं.” लहानपणी या गोष्टीवर आम्ही गडबडा लोळायचो. पुढे हीच गोष्ट एका मैत्रिणीच्या सासरच्या आजोबांबद्दल ऐकली आणि तिसऱ्या एका घरात ताकाबद्दल ऐकली, तेव्हा लक्षात आलं की उशिरा बोललेल्या माणसाच्या वाट्याला ही गोष्ट येतेच. त्याच्या त्या मुक्या वर्षांत घरच्यांवर काय गुदरलं, हे मात्र गोष्टीत नसतं.

आजी ते सांगायची, पण मीठ-आमटीची गोष्ट संपून बाकीचे उठून गेल्यावर. गुटीत वेखंडाचे दोन वेढे जास्त द्यायची. कुणी सांगितलं म्हणून वेखंड मधात उगाळून जिभेवर चाटवायची. जीभ खालून चिकटलेली तर नाही ना, म्हणून वैद्याला दाखवून झालं. मग कुणी म्हणालं, पोपटाचं उष्टं खायला घाला. कराडला प्रीतिसंगमावर पोपटवाला ज्योतिषी बसायचा. त्याच्याकडे आजी स्वतः पेरू घेऊन गेली, पोपटाने टोच मारेपर्यंत उन्हात उभी राहिली आणि तो पेरू पदरात बांधून आणला. पोपट पोट भरलेला होता की काय कोण जाणे, बराच वेळ बघेच ना, असं ती सांगायची. सांगताना हसायची, पण पेरूच्या ठिकाणी आली की आवाज बदलायचा. सासूने तेव्हा म्हटलं होतं, “पोटात असताना ग्रहण पाळलं नसशील.” साठ वर्षांनीही ते वाक्य तिला शब्दन् शब्द पाठ होतं.

आता ग्रहण गेलं, त्या जागी मोबाईल आला. एवढाच फरक.

केतकीला काय काय ऐकावं लागलं, त्याची यादी मोठी आहे. कार्टून लावून भरवतेस म्हणून. नोकरीला जातेस म्हणून. घरात तीन भाषा म्हणून: आई-बाबा मराठी, सांभाळणाऱ्या मावशी हिंदी, बडबडगीतं इंग्रजी. एका प्लेग्रुपच्या बाईंनी तर “घरी एकच भाषा ठेवा, शक्यतो इंग्लिश” असा सल्ला दिला. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने मुलं बोलायची थांबत नाहीत, हे वाचा-उपचाराच्या क्षेत्रात आता मान्य झालेलं आहे. उलट शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांतले मिळून मोजतात. ‘पाणी’ही धरायचं आणि ‘कार’ही. पण हे प्लेग्रुपच्या बाईंना कोण सांगणार?

मोजायचं म्हणजे किती, तर दोन वर्षांच्या मुलाकडे साधारण पन्नास शब्द असावेत आणि ‘आई ये’, ‘दूध दे’ असे दोन शब्द जोडता यावेत. ते नसेल तर उशिरा बोलणारं मूल. या मापाने दोन वर्षांच्या शंभर मुलांत दहा ते पंधरा मुलं मागे असतात, आणि त्यांत मुली कमी, मुलगे जास्त. त्यांतली बरीचशी शाळेत जाईपर्यंत आपसूक बरोबरीला येतात. लेस्ली रेस्कोर्ला नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी अशी मुलं सतरा वर्षांची होईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासली. मुलं सर्वसाधारण पातळीत आली होती. मात्र शब्दसंग्रह, व्याकरण यांत त्याच थरातल्या इतर मुलांपेक्षा जरा कमी भरत होती. जरा कमी. म्हणजे नापास नाही आणि आइन्स्टाईनही नाही. नोकरीला लागतील, लग्नं करतील, सोसायटीच्या मीटिंगमध्ये फार बोलणार नाहीत.

आणि काही मुलं बरोबरीला येत नाहीत. कुणाला ऐकू कमी येत असतं, कुणी स्वमग्न असतं, कुणाची सगळीच वाढ सावकाश होत असते. दोन वर्षांच्या वयात बाहेरून बघून यातलं कोण कुठलं, हे काकांना काय, मलाही सांगता येणार नाही.

तरी गुंड्यासारख्या मुलांचा एक वेगळा गट असावा, असं म्हणणारी गंभीर माणसं आहेत. थॉमस सोवेल हा अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ. त्याचा मुलगा जवळजवळ चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. 1993 मध्ये त्याने आपल्या वृत्तपत्रीय स्तंभात त्याबद्दल लिहिलं आणि ठिकठिकाणच्या आई-बापांची पत्रं यायला लागली. आमचाही असाच आहे, बोलत नाही, पण कोडी जुळवतो, कुलपं उघडतो, आकडे ओळखतो, एकदा ऐकलेलं गाणं विसरत नाही. हट्टी मात्र विलक्षण, आणि शी-शूचं शिकायलाही उशीर. घराण्यात कुणी इंजिनिअर, कुणी हिशेबनीस, कुणी वाजवणारं. या सगळ्याला ‘आइन्स्टाईन सिंड्रोम’ हे नाव त्याच्याच 2001 च्या पुस्तकाने रूढ केलं. व्हँडरबिल्ट विद्यापीठातले स्टीफन कॅमराटा हेही अशा मुलांवर वर्षानुवर्षं काम करतात. पण ज्यांच्या मुलात काही चमक होती, त्यांनीच सोवेलला पत्रं लिहिली, हे विसरून चालत नाही. ज्याचं मूल बोलत नव्हतं आणि कोडीही जुळवत नव्हतं, तो बाप कशाला पत्र लिहील? आपलं मूल याच गटातलं आहे असं परस्पर ठरवू नका, तपासून घ्या, असं सोवेल स्वतःही बजावतो. व्हॉट्सॲपवर फिरताना तेवढा भाग गळून पडतो.

उशिरा बोललेल्या थोरांच्या यादीतली इतर नावं मला आइन्स्टाईनपेक्षा जास्त आवडतात. क्लारा शुमान, जर्मनीची मोठी पियानोवादक, चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. घरच्यांना वाटायचं, बहिरीच आहे. पियानोचे सूर मात्र तिला बोलण्याआधीच कळत होते. आणि आपल्याकडचे गणिती रामानुजन. पहिली तीन वर्षं हे मूल जवळपास बोललंच नाही. आई कोमलतम्माळ त्याला घेऊन कांचीपुरमला माहेरी गेली. तिथे जमिनीवर तांदळाचा जाड थर पसरून, त्यात आजोबांनी नातवाचा हात धरून तमिळ अक्षरं गिरवून घेतली, एकेक अक्षर मोठ्याने म्हणत. पोर हळूहळू बोलायला लागलं. मला यात रामानुजनपेक्षा कोमलतम्माळच जास्त दिसते. पोराला नुकत्याच देवी येऊन गेलेल्या, त्यातून ते वाचलेलं, धाकटं तान्हं हाताला लागलेलं नाही, आणि हा जो आहे तो गप्प. पुढे केंब्रिज आहे, रॉयल सोसायटी आहे, हे तिला काही माहीत नव्हतं. ती पोराला बोलतं करायची वाट शोधत होती.

केतकीला डॉक्टरांनी आधी कान तपासायला सांगितलं. जन्मल्यावर एक साधी तपासणी झाली होती, पण आता बेरा करा म्हणाले. कानात आवाज सोडायचा आणि तो मेंदूपर्यंत पोचतो का, ते विजेच्या लहरींवरून बघायचं. मूल झोपलेलं हवं, म्हणून आदल्या रात्री उशिरापर्यंत जागं ठेवा आणि पहाटे उठवा, असा हुकूम. जावई दौऱ्यावर होता म्हणून मी डोंबिवलीला गेले होते. पहाटे गुंड्याला जागं ठेवायला आम्ही दोघी घरभर नाचत होतो. केतकीने गॅसवरचा कुकरसुद्धा खेळायला दिला, त्याने शिट्टी, गॅस्केट, झाकण काढून परत जसंच्या तसं बसवलं. हॉस्पिटलात पोचेपर्यंत पोर रडरड रडलं आणि झोपायच्या वेळी टक्क जागं. शेवटी झोपेचं औषध द्यावं लागलं. त्या लहानशा खोलीत भिंतींना फोम लावलेला, पडदा ओढलेला, एसी गारठलेला. तंत्रज्ञ मुलीने कपाळावर आणि दोन्ही कानांमागे कापसाने खसाखसा पुसून, पांढरी चिकट पेस्ट लावून तारा चिकटवल्या. गुंड्या केतकीच्या मांडीवर तोंड उघडं टाकून झोपलेला. इअरफोनमधून टकटक-टकटक असा आवाज, आम्हाला तो जेमतेम ऐकू येत होता. पडद्यावर रेघ थरथरत होती आणि हळूहळू तिच्यात उंचवटे उभे राहत होते. “ही पाचवी लाट,” ती मुलगी हळूच म्हणाली, “हिच्याकडे बघायचं.” आवाज कमी केला की उंचवटा उजवीकडे सरकायचा, बारीक व्हायचा. केतकी मुलाकडे नाही, रेघेकडेच बघत होती. तीस डेसिबलपर्यंत लाट दिसत राहिली. दोन्ही कानांत. बाहेर आल्यावर ती बाकावर बसली आणि तिला रडू कोसळलं. “मावशी, ऐकू येत नाही असं निघालं असतं तर निदान कारण तरी मिळालं असतं, असं एक क्षण वाटून गेलं गं.” मी काही बोलले नाही. असं वाटू शकतं.

मग बालविकासतज्ज्ञ बाईंकडे. त्यांनी चपलांचं कौतुक ऐकून घेतलं, कालनिर्णयचंही. (गुंड्याला कालनिर्णयची बाराही पानं क्रमाने लावता येतात, फाडून ठेवली तरी.) सुखकर्ताची चाल तो शब्दांशिवाय गुणगुणतो, ‘जय देव जय देव’च्या आधीची उसंतही बरोबर घेतो, हेही ऐकलं. आणि मग विचारलं, “बोट दाखवतो का?” बिस्किटाचा डबा हवा असेल तर बोट दाखवतो, की तुमचा हात धरून डब्याकडे नेतो? आणि काहीही नको असताना, निव्वळ तुम्हालाही दिसावं म्हणून दाखवतो का? आकाशातलं विमान, रस्त्यावरचा हत्ती? दाखवून झाल्यावर तुमच्या तोंडाकडे बघतो का? केतकी गडबडली. डब्यासाठी तो हातच ओढायचा. पण समोरच्या बांधकामावरच्या क्रेनकडे बोट दाखवायचा आणि वळून बघायचा, आई बघतेय ना म्हणून. बाई म्हणाल्या, ती क्रेन माझ्या दृष्टीने कालनिर्णयपेक्षा मोलाची आहे. जी मुलं बोलण्याआधी अक्षरं-आकडे वाचायला लागतात, त्यांचंही असंच. ‘सेल’ची पाटी वाचता येणं आणि आईला काहीतरी सांगावंसं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी, एकीवरून दुसरीचा अंदाज बांधू नका. कागदावर लिहिलं: बोलण्यात विलंब, समज वयानुसार, सहा महिन्यांनी पुन्हा तपासू, तोवर वाचा-उपचार सुरू.

केतकीपाशी हे सगळं करायला पैसे होते, सुट्टी होती, मुंबई जवळ होती. तालुक्याच्या गावी अंगणवाडीत आरोग्य पथक येतं, 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांची तपासणी होते, जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्रंही आहेत. पण तिथवर पोचायला आधी कुणालातरी वाटावं लागतं की दाखवायला हवं. आणि घरात कुणीतरी “बोलेल गं, त्याचा बापही उशिराच बोलला” म्हणतं, शेजारी आइन्स्टाईन काढतात, आणि वर्ष जातं. जे मूल काहीच विशेष करत नाही त्याला निदान लवकर दाखवलं तरी जातं. हुशार दिसणाऱ्या मुलाची हुशारीच आडवी येते.

काकांच्या वाक्यात मला जे टोचलं, त्याला हीसुद्धा एक बाजू होती. पण ती सगळी नव्हे. त्या वाक्यात गुंड्यासाठी एक अट होती. आज गप्प आहेस, चालेल, पण मग पुढे काहीतरी होऊन दाखव. चपला जुळवण्याचं कौतुकही त्याच हिशेबात जमा. त्याने त्या जुळवल्या, कारण त्याला ढीग सहन होत नव्हता.

अण्णामामा काही झाले नाहीत. म्हणजे आजोळच्या भाषेत. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मुंबईचे मामेभाऊ वगैरे ‘अण्णाला शिकवला असता तर’ अशी हळहळ व्यक्त करायचे. मी शाळेत असताना एकदा त्यांच्यासोबत डेपोत गेले होते. डिझेल, ग्रीस आणि ओल्या रबराचा वास, पत्र्याखाली दुपारचं ऊन कोंडलेलं. गेटातून गाडी आत वळत होती, अजून थांबलीही नव्हती, आणि मामा हातातला चहा खाली न ठेवता म्हणाले, “मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग.” ड्रायव्हर उतरून तक्रार सांगायला लागला तर म्हणाले, “हां, कळलं.” बस. आयुष्यभर ते एवढंच बोलले. मामी सांगायची, लग्नानंतर महिनाभर मला वाटत होतं हे रागावलेत. त्यांना कधी कुणी विचारलं नाही की लहानपणी बोलत का नव्हता. मी एकदा विचारलं होतं. बराच वेळ विचार करून म्हणाले, “लोक फार भरभर बोलायचे.”

गुंड्याच्या थेरपिस्ट बाईंनी केतकीला पहिली गोष्ट सांगितली ती हीच: प्रश्न बंद. ‘हे काय?’, ‘बोल मामा’, ‘म्हण बघू पाणी’, सगळं बंद. तो ज्याच्याकडे बघतोय त्याबद्दल तुम्ही दोन शब्द बोला आणि थांबा. मनात पाचपर्यंत मोजा. ताईला हे जमेना. ती चारला पुन्हा सुरू व्हायची. दुसरी युक्ती चपलांची. बाईंनी त्याच्यासमोर बसून ओळ लावायला घेतली आणि बाबाच्या बुटाशेजारी मुद्दाम केतकीची सपाता ठेवली. गुंड्याने ती उचलून बाजूला केली. बाईंनी पुन्हा ठेवली, आणि चेहरा अगदी निर्विकार. तिसऱ्यांदा त्याचा संयम सुटला आणि तो ओरडला, “नाय!” बाईंनी ताबडतोब बूट दिला.

तेव्हापासून केतकीने फ्रिजवर कागद लावलाय. नवा शब्द ऐकला की लिहायचा. परवा रात्री तिचा फोन आला. “मावशी, लिफ्टला तो ‘टिंग’ म्हणतो. फक्त लिफ्टला. मायक्रोवेव्हही टिंगच वाजतो, पण त्याला नाही म्हणत. धरू का?” बाईंनी सांगून ठेवलं होतं की एकाच गोष्टीला दर वेळी तोच आवाज काढला तर तो शब्दच. “धर की,” मी म्हटलं. “आणि ‘नाय’? चपलेचा ‘नाय’ वेगळा, जेवताना मान फिरवून म्हणतो तो वेगळा. तो एकच ना?” “एकच,” मी म्हटलं. तेवढ्यात मागून ताईचा आवाज आला, “अगं दोन धर, दोन! त्या बाईला काय कळतंय?”